मृदा-कार्बन

जमिनीत सेंद्रिय व असेंद्रिय रूपांत असलेला कार्बन. सेंद्रिय भाग वनस्पती, प्राणी व सूक्ष्मजीव यांच्या अवशेषांतून येतो. माती परीक्षणाच्या अहवालात तो ‘सेंद्रिय कर्ब’ या नावाने टक्केवारीत दिलेला असतो. असेंद्रिय भाग मुख्यतः चुनखडीच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात असतो. जगभरच्या जमिनीच्या वरच्या १ मीटर थरात मिळून सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइडमध्ये सुमारे ८८० अब्ज टन, तर सगळ्या झाडाझुडपांच्या देहात ४५० ते ६०० अब्ज टन कार्बन भरतो. म्हणजे मातीतला साठा या दोहोंच्या बेरजेच्या तोडीचा आहे. हवामानबदलाची चर्चा निघाली की आधी जंगलांचे नाव घेतले जाते आणि माती मागे राहते. ती छायाचित्रात चांगली दिसत नाही, याखेरीज त्याला दुसरे सबळ कारण नाही.

वनस्पती प्रकाशसंश्लेषणाने दरवर्षी सुमारे १२० अब्ज टन कार्बन हवेतून घेतात. त्यातला निम्म्याच्या आसपास त्या आपल्याच श्वसनात परत देतात. उरलेल्याचे लाकूड, पाने, मुळे, दाणे होतात. पुढे ते झडले, मेले किंवा खाल्ले गेले की जिवाणू, बुरशी, वाळवी, गांडुळे त्यावर तुटून पडतात आणि कुठे काही आठवड्यांत, तर कुठे काही दशकांत तो कार्बन पुन्हा हवेत जातो. कोळसा, तेल व वायू जाळून माणूस वर्षाला सुमारे १० अब्ज टन कार्बन सोडतो. त्यापुढे ही नैसर्गिक ये-जा कितीतरी मोठी आहे. तिच्यात घेणे देण्यापेक्षा किंचित जास्त असल्याने जमिनीवरच्या परिसंस्था सध्या वर्षाला ३ अब्ज टनांच्या आसपास कार्बन शोषून घेतात. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या नोंदींत ही ये-जा डोळ्यांना दिसते : आलेख दरवर्षी मे महिन्यात शिखर गाठतो, उत्तर गोलार्धातली पालवी वाढीला लागली की उतरतो, आणि पानगळीनंतर पुन्हा चढू लागतो. दरवर्षीचे शिखर मात्र आदल्या वर्षापेक्षा उंच असते.

कार्बन मातीत टिकतो कसा : पालापाचोळा कुजून त्यातून ‘ह्यूमस’ नावाचा गुंतागुंतीचा, सूक्ष्मजीवांना न पचणारा काळा पदार्थ तयार होतो आणि तो हजारो वर्षे टिकतो, असे पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ शिकवले गेले. गेल्या दोन दशकांत हे चित्र बरेच बदलले आहे. मातीत टिकून राहिलेला कार्बन बव्हंशी साध्या, लहान रेणूंचा असतो आणि त्यातला मोठा वाटा मेलेल्या जिवाणू-बुरशींच्या देहांचा असतो. संधी मिळाली तर कोणताही सूक्ष्मजीव तो पचवू शकतो. पण ती संधी मिळत नाही. हे रेणू चिकणमातीच्या कणांना आणि लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना घट्ट चिकटलेले असतात, किंवा मातीच्या बारीक ढेकळांत अशा जागी अडकलेले असतात की तिथे हवा, पाणी व विकरे पोहोचत नाहीत. टिकाऊपणा पदार्थापेक्षा जागेवर अवलंबून असतो. वाळूसर जमीन शेणखत ‘खाऊन टाकते’ आणि भारी जमिनीत ते काही काळ तरी पुरते, हा शेतकऱ्यांचा अनुभव याच कारणाने खरा आहे. वरून पडलेल्या पाचोळ्यापेक्षा मुळांतून आलेला कार्बन जास्त टिकतो, कारण तो मुळातच कणांच्या सान्निध्यात तयार झालेला असतो.

हे मान्य केले की सेंद्रिय कर्बाकडे मुदत ठेव म्हणून पाहता येत नाही. ते खेळते भांडवल आहे. भर थांबली किंवा उचल वाढली की शिल्लक उतरते, आणि हवामान या दोन्ही बाजूंना एकाच वेळी हात घालते.

काळी जमीन : दख्खनच्या काळ्या जमिनीचा रंग पाहून ती सेंद्रिय कर्बाने भरलेली असणार असे वाटते, पण तसे नाही. बेसॉल्टपासून झालेल्या या मातीत स्मेक्टाइट गटातील चिकणखनिजे भरपूर असतात. थोडासाच सेंद्रिय पदार्थ त्यांच्याशी एकजीव होऊन गडद रंग देतो. विदर्भ-मराठवाड्यातील अनेक शेतांच्या अहवालांत सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असतो. उन्हाळ्यात या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती व धसकटे त्यांत पडतात, पावसाने भेगा मिटतात आणि वरचा कार्बन आपोआप खाली जातो. त्यामुळे तो खोलवर विभागलेला आढळतो.

असेंद्रिय कार्बनची गोष्ट इथे तितकीच महत्त्वाची आहे. कोरड्या पट्ट्यात जमिनीतल्या पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटमधून चुनखडीचे खडे साठतात. या क्रियेत निम्मा कार्बन चुनखडीत अडकतो आणि निम्मा वायुरूपाने निसटतो. म्हणून जमिनीत चुनखडी वाढणे म्हणजे कार्बन साठला, असा सरळ हिशेब करता येत नाही. शिवाय कॅल्शियम असे बाजूला पडले की मातीच्या कणांवर सोडियमचा पगडा बसतो, पाणी मुरत नाही आणि जमीन चोपण होऊ लागते. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोतील शास्त्रज्ञांनी या प्रक्रियेचा दख्खनच्या जमिनींत सविस्तर अभ्यास केला असून, तिचा संबंध त्यांनी कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला आहे. उलट दिशाही आहे : पिकांच्या मुळांतून निघणारी आम्ले चुनखडी विरघळवतात, कॅल्शियम मोकळे करतात आणि जमीन सावरते.

ओल : सूक्ष्मजीवांना पाणी लागते तशी हवाही लागते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो त्या अवस्थेत मातीच्या पोकळ्यांत दोन्ही असतात आणि तेव्हाच कुजण्याचा वेग सर्वांत जास्त असतो. महिनोन्‌महिने तापलेल्या कोरड्या मातीवर पहिला पाऊस पडला की काही तासांत कार्बन डाय-ऑक्साइडचा मोठा लोट बाहेर पडतो. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५० च्या दशकात याचा अभ्यास केला. त्यावरून याला बर्च परिणाम म्हणतात. कोरडेपणात मेलेले सूक्ष्मजीव, तगून राहिलेल्यांनी पेशींत साठवलेले आणि ओल येताच बाहेर टाकलेले पदार्थ, फुटलेल्या ढेकळांतून उघडे पडलेले रेणू असे आयते अन्न एकदम उपलब्ध होते. नत्रही त्याबरोबर मोकळे होते, आणि पहिल्या पावसानंतर पिके एकदम हिरवीगार होतात त्यात याचा वाटा आहे. पावसाचे मोठे खंड आणि मध्येच जोरदार सरी असा मोसम होऊ लागला, की जमीन सुकण्या-भिजण्याच्या अशा फेऱ्या वाढतात. आणि उघड्या रानावर कोसळणारा तोच पाऊस कर्बाने समृद्ध असा वरचा थर ओढ्याला लावतो.

तापमान : साधारणपणे तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की सूक्ष्मजीवांच्या श्वसनाचा वेग दुप्पट वा त्याहून अधिक होतो. परंतु हा वेग कायम टिकत नाही, हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हार्वर्ड फॉरेस्टमधील प्रयोगाने दाखवले. जेरी मेलिलो व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये तेथील जमिनीत विजेच्या तारा पुरून ती आसपासच्या जमिनीपेक्षा ५ अंशांनी उबदार ठेवली. पहिली सुमारे दहा वर्षे कार्बन भराभर सुटला. मग क्रिया थंडावली आणि सोपे अन्न संपले असावे असे वाटले. त्यानंतर पुन्हा उत्सर्जन वाढले : सूक्ष्मजीवांची जमात बदलली होती आणि नव्या जमातीला जुना, अवघड पदार्थ पचवता येत होता. २६ वर्षांत वरच्या ६० सेंमी. थरातला सुमारे १७ टक्के कार्बन गेला. दोन-तीन वर्षांचे प्रयोग करून मातीबद्दल ठाम बोलणाऱ्यांनी या आलेखाकडे जरूर पाहावे.

थंड व पाणथळ प्रदेशांत कार्बन टिकतो तो गारव्यामुळे आणि हवेच्या अभावामुळे. उत्तर ध्रुवाभोवतीच्या कायम गोठलेल्या जमिनींत सुमारे १,४०० ते १,६०० अब्ज टन कार्बन आहे (यातला बराचसा १ मीटरच्या खाली असल्याने वरच्या आकड्यात धरलेला नाही). ती वितळली की कोरड्या जागी कार्बन डाय-ऑक्साइड आणि साचलेल्या पाण्याखाली मिथेन सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची उष्णता रोखण्याची क्षमता वजनास वजन सुमारे २८ पट धरतात. पीट, म्हणजे पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, पृथ्वीच्या भूभागाच्या जेमतेम ३ टक्के क्षेत्रावर आहे. पण साठा अफाट. इंग्लंडमध्ये केंब्रिजशायरमधील होम फेन या दलदलीतले पाणी शेतीसाठी काढले तेव्हा, १८५१ मध्ये, खालच्या चिकणमातीपर्यंत एक लोखंडी खांब ठोकून त्याचे टोक जमिनीशी सपाट ठेवण्यात आले. आज तो खांब जमिनीबाहेर सुमारे ४ मीटर उभा आहे. मधले पीट काही प्रमाणात सुकून दबले, उरलेले हवा लागताच कुजून वातावरणात गेले. इंडोनेशियात पाणी काढलेल्या पीटला १९९७ आणि २०१५ या एल निन्योच्या वर्षांत आगी लागल्या, तेव्हा हेच काम दशकांऐवजी आठवड्यांत झाले.

आपल्याकडच्या खाड्यांतल्या कांदळवनांतही चिखलात हवा नसल्याने कार्बन साठतो. समुद्राच्या पाण्यातील सल्फेटमुळे तिथे मिथेन गोड्या पाण्याच्या दलदलीइतका तयार होत नाही.

वाढत्या कार्बन डाय-ऑक्साइडला वनस्पतींचा प्रतिसाद : हवेत हा वायू वाढला की गहू, भात, कापूस व बहुतेक झाडे यांचे प्रकाशसंश्लेषण वाढते, ज्वारी, मका, ऊस यांना थेट फायदा फारसा होत नाही. वाढलेली साखर मातीत पोहोचेल आणि साठा वाढेल, ही अपेक्षा पुरती उतरलेली नाही. सिडनीजवळच्या जुन्या निलगिरी वनात झाडांभोवती जादा कार्बन डाय-ऑक्साइड सोडला असता झाडांनी सुमारे १२ टक्के अधिक कार्बन घेतला, पण त्यांची वाढ झाली नाही. स्फुरदाची वानवा असलेल्या त्या मातीत झाडांनी जादा कार्बन मुळांवाटे सूक्ष्मजीवांना दिला आणि तो बहुतेक श्वसनातून परत हवेत गेला. ताजा कार्बन मिळाल्याने सूक्ष्मजीव जुना साठाही फोडू लागतात, असेही अनेक ठिकाणी दिसते. नत्र आणि स्फुरद नसेल तर नुसता कार्बन देऊन काही साधत नाही.

लागवड : नांगरटीने ढेकळे फुटतात, लपलेला कार्बन उघडा पडतो, कापणीने परतीचा माल कमी होतो. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे ब्रॉडबॉक या शेतात १८४३ पासून गव्हावर प्रयोग चालू आहे. दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत मिळणाऱ्या तुकड्यातला सेंद्रिय कर्ब काहीच न दिलेल्या तुकड्याच्या दुपटीहून बराच जास्त झाला आहे. मात्र वाढ सुरुवातीच्या दशकांत वेगाने झाली आणि पुढे मंदावली. शेजारच्या हूसफील्डमध्ये १८५२ ते १८७१ एवढीच वर्षे शेणखत दिलेल्या तुकड्यात शंभर वर्षांनंतरही थोडा जास्त कर्ब सापडतो. महाराष्ट्रात ऊस तुटल्यावर पाचट पेटवण्याऐवजी सरीत दाबून त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट व कुजवणारे जिवाणू टाकण्याची शिफारस आहे. पाचटात नत्र फारच कमी. ते पुरवले नाही तर सूक्ष्मजीव ते मातीतूनच ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. कोकणातील राब भाजण्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळण्याच्या, पद्धतीत बहुतेक कार्बन धुरात जातो, पण उरलेला कोळसा मातीत इतर कोणत्याही सेंद्रिय पदार्थापेक्षा जास्त काळ राहतो.

मोजणी : भारतातील प्रयोगशाळांत बहुधा १९३४ ची वॉकली-ब्लॅक पद्धत वापरतात. मातीत पोटॅशियम डायक्रोमेट व तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालतात. नारिंगी द्रावण जितके हिरवटते तितका कर्ब जास्त. ०.५ टक्क्याखाली कमी, ०.७५ च्या वर भरपूर, अशी प्रतवारी रूढ आहे. कर्ब ०.१ टक्क्याने वाढला तर १५ सेंमी. थरात हेक्टरी सुमारे २ टन, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइडच्या हिशेबात ७ टनांहून थोडा अधिक साठा वाढतो. एवढा फरक एकाच शेतातल्या दोन कोपऱ्यांतही सापडतो. २०१५ च्या पॅरिस हवामान परिषदेत मांडलेला ‘हजारी चार’ हा उपक्रम मृदा-कार्बन वर्षाला ०.४ टक्क्याने वाढवण्याचे उद्दिष्ट ठेवतो. दिशा योग्य असली तरी सगळ्या जमिनींत ते जमेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. कार्बन क्रेडिटसाठी नमुने घेताना वरचे १५ सेंमी. पुरत नाहीत. नांगरट बंद केलेल्या शेतात पुष्कळदा वरच्या थरात कर्ब वाढतो आणि खालच्या थरात घटतो, म्हणून किमान ३० सेंमी. खोलीपर्यंत, मातीची घनता मोजून आणि काही वर्षांच्या अंतराने त्याच जागी नमुने घ्यावे लागतात.