टायमिंग बेल्ट

टायमिंग बेल्ट हा मोटारगाडीच्या अंतर्ज्वलन इंजिनातील क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांना जोडणारा दातेरी रबरी पट्टा होय. दट्ट्यांची वर-खाली होणारी हालचाल आणि झडपांची उघडझाप यांचा मेळ या पट्ट्यामुळे राखला जातो. काही इंजिनांत याच कामासाठी धातूची साखळी किंवा दंतचक्रे वापरतात.

रचना व इतिहास

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. म्हणून कॅमशाफ्टच्या चाकाला दुप्पट दाते असतात. पट्टा कृत्रिम रबराचा असून तो ताणाने लांबू नये यासाठी त्यात सामान्यतः काचतंतूंचे दोर घातलेले असतात. पश्चिम जर्मनीतील ग्लास १००४ या मोटारीत १९६०च्या दशकाच्या आरंभी असा पट्टा वापरण्यात आला. भारतात मारुती ८०० या मोटारीच्या इंजिनातही टायमिंग बेल्ट होता.

पट्टा तुटल्याचे परिणाम

पट्टा तुटताच कॅमशाफ्ट थांबते व इंजिन बंद पडते. अनेक इंजिनांत पूर्ण उघडलेली झडप आणि वर आलेला दट्ट्या यांची जागा एकच असते. अशा इंजिनात दट्टे उघड्या झडपांवर आदळून झडपा वाकतात. काही वेळा दट्टे व सिलिंडर हेडही निकामी होतात. सैल झालेली साखळी बहुधा खडखडते. पट्टा मात्र पूर्वसूचना न देताही तुटू शकतो. त्यामुळे तो तुटण्यापूर्वीच बदलणे आवश्यक ठरते.

बदलण्याची मुदत

मुदत इंजिनानुसार भिन्न असून ती गाडीच्या माहितीपुस्तिकेत किलोमीटर व वर्षे अशा दोन्ही प्रकारे दिलेली असू शकते. यांपैकी जी मर्यादा आधी पूर्ण होईल ती ग्राह्य धरतात. कारण गाडी कमी चालली तरी रबर कालांतराने कडक होऊन त्याला भेगा पडतात.

सोबत बदलावयाचे भाग

पट्ट्याचा ताण राखणारा टेन्शनर व आयडलर पुली यांचे बेअरिंग अडकल्यास नवा पट्टाही तुटतो. अनेक इंजिनांत पाण्याचा पंप याच पट्ट्यावर चालतो. क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्टच्या ऑइल सीलमधून गळणारे तेल रबर खराब करते. हे भाग नंतर बदलायचे झाल्यास तीच उकल पुन्हा करावी लागते, म्हणून ते बहुधा पट्ट्यासोबतच बदलतात.

कार्यपद्धती

इंजिन थंड असताना बॅटरीची ऋण तार सोडवतात. पहिल्या सिलिंडरातील दट्ट्या सर्वांत वर आणून चाकांवरील खुणा जुळवतात. टेन्शनर सैल करून जुना पट्टा काढतात. त्यानंतर दोन्ही शाफ्ट हलू देत नाहीत. नवा पट्टा न दुमडता व न पिळता बसवून उत्पादकाने सांगितलेला ताण देतात. शेवटी क्रँकशाफ्ट पान्याने हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासतात. फिरवताना अडथळा जाणवल्यास जोर न लावता जुळणी पुन्हा करतात. एका दात्याचा फरक राहिला तरी झडपांची वेळ चुकते. ही तपासणी पूर्ण झाल्यावरच इंजिन सुरू करतात.