साडेसात हजारांची कुळकथा

24 डिसेंबर 2018 रोजी बुलढाण्यात ईपीएस 95 राष्ट्रीय संघर्ष समितीने साखळी उपोषण सुरू केलं. कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालच्या या समितीचं मुख्यालयही बुलढाण्यातच आहे. मागणी एका दमात सांगता येते: किमान पेन्शन 7500 रुपये, त्यावर महागाई भत्ता, आणि पती-पत्नी दोघांना मोफत औषधोपचार. ही मागणी एसटी, सहकारी बँका, साखर कारखाने, सूतगिरण्या आणि खासगी कंपन्यांत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसांची आहे. ईपीएस म्हणजे या माणसांसाठीची कर्मचारी पेन्शन योजना. तिच्यात 1 सप्टेंबर 2014 पासून किमान पेन्शन महिना 1000 रुपये ठरली आणि पुढे दहा वर्षं उलटली तरी आकडा जागचा हलला नाही. असं का झालं, हे कळायला या पेन्शनचं कूळ तपासावं लागतं.

नोकरदाराच्या म्हातारपणाची सोय आपल्याकडे दोन वेगळ्या घरांत वाढली. पहिलं घर सरकारी नोकरीचं. तिथे पेन्शन इंग्रजी अमदानीपासून आहे, पण ती सरकारची मेहेरबानी समजली जाई. तो समज 17 डिसेंबर 1982 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नाकारा खटल्यातल्या निकालाने मोडला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने पेन्शन हा केलेल्या सेवेतून मिळवलेला हक्क आहे, असं ठणकावून सांगितलं. निकाल न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिला. सरकारी पेन्शनर आजही 17 डिसेंबर हा आपला दिवस म्हणून पाळतात.

दुसरं घर कारखान्याचं. तिथे पेन्शन नव्हती. होता तो फंड, म्हणजे भविष्य निर्वाह निधी. 1948 मध्ये तो कोळसा खाणींत आला. मग 15 नोव्हेंबर 1951 चा अध्यादेश निघाला आणि 1952 मध्ये कायदा झाला. आरंभी सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड एवढे सहाच उद्योग त्यात होते. वर्गणी होती सव्वासहा टक्के. त्या वेळच्या हिशेबात रुपयामागे एक आणा कामगाराचा आणि एक आणा मालकाचा. निवृत्तीच्या दिवशी ही पुंजी व्याजासह एकरकमी हातात पडायची आणि घर, लग्न, आजारपण यांत बघता बघता संपायची. नोकरीत असतानाच कामगार गेला तर मागे राहिलेल्या बायको-मुलांना दरमहा काही मिळण्याची सोयच नव्हती.

ही उणीव भरायला 1 मार्च 1971 पासून कुटुंब पेन्शन योजना आली. कामगार, मालक आणि सरकार या तिघांनी प्रत्येकी 1.16 टक्के घालायचे. तिघांच्या वर्गणीचा हा विचार जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, 1889 च्या कायद्याने रुजला होता. आपल्याकडे त्याचा पहिला लाभ विधवांना झाला. जिवंत निवृत्ताला मात्र पेन्शन नव्हतीच. ती आली 16 नोव्हेंबर 1995 पासून, आणि त्या सालावरून तिला ईपीएस 95 हे नाव पडलं.

या योजनेची घडण जवळून पाहण्यासारखी आहे. फंडातल्या मालकाच्या, पुढे वाढलेल्या वाट्यातून पगाराचे 8.33 टक्के पेन्शनकडे वळतात आणि सरकार 1.16 टक्के घालतं. पेन्शन काढायची तर शेवटच्या पगाराची सरासरी गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. वीस वर्षं भरली की दोन वर्षं जादा धरतात. म्हणजे 33 वर्षं नोकरी केलेल्याची 35 वर्षं होतात आणि 35 भागिले 70 म्हणजे बरोबर निम्मा पगार. त्या काळी सरकारी नोकरालाही 33 वर्षांच्या सेवेवर निम्म्या पगाराची पूर्ण पेन्शन मिळत असे. साचा जुळतो, पण दोन गोष्टी जुळत नाहीत. पहिली, पगार कितीही असो, हिशेबाला मर्यादा: आधी 5000, 2001 पासून 6500, सप्टेंबर 2014 पासून 15000. दुसरी, महागाई भत्ता नाही. निवृत्तीच्या दिवशी जो आकडा ठरला तो महागाईबरोबर वाढत नाही.

परिणाम साध्या गणितात दिसतो. 1995 नंतर योजनेत येऊन 2014 च्या आधी पंधरा वर्षांच्या नोकरीवर निवृत्त झालेला माणूस घ्या. 6500 गुणिले 15, भागिले 70: महिन्याला 1393 रुपये. त्याची पेन्शन किमान रकमेच्या वर आहे, म्हणून 2014 च्या वाढीतूनही त्याला काही मिळालं नाही. 2013 मध्ये राज्यसभेच्या भगतसिंह कोश्यारी समितीने किमान 3000 रुपयांची शिफारस केली होती, पण ठरले हजारच. दुसरीकडे 35 वर्षं धरलेल्या माणसाला 15000 च्या मर्यादेवर निम्मा पगार म्हणजे 7500 रुपये होतात. बुलढाण्यातून मागितला जाणारा आकडा योजनेच्या स्वतःच्याच हिशेबात असा बसलेला आहे.

आज नोकरीत असलेल्यांनी या कुळकथेतून दोन गोष्टी घ्याव्यात. नोकरी बदलताना पेन्शनचे पैसे काढून घेऊ नयेत. जुनी सेवा नव्या खात्यात जोडून घ्यावी, कारण दहा वर्षं भरल्याशिवाय दरमहाची पेन्शन नाही. हंगामी कामावर किंवा आज इथे तर उद्या तिथे राबणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं. आणि निवृत्तीचा आराखडा मांडताना पेन्शनचा आकडा कायम तेवढाच राहणार असं धरून चालावं. वाढत्या महागाईची तोंडमिळवणी फंडातून करावी लागेल, म्हणून तो मध्येच मोडू नये.

पण ज्यांची कमाईची वर्षं संपली त्यांना हा सल्ला उपयोगाचा नाही. त्यांच्या हातात आता बचत करण्याजोगं काही उरलेलं नाही. सरकारी घरात महागाई भत्ता पेन्शनचा भाग आहे, कारण किमती वाढत जातात हे तिथे मान्य आहे. कारखान्याच्या घरातल्या म्हाताऱ्यांनाही त्याच बाजारातून डाळ आणि औषधं घ्यावी लागतात. त्यांची पेन्शन महागाईशी जोडणं हे 1995 साली अर्धवट राहिलेलं काम आहे आणि ते पुरं व्हायलाच हवं.