मावशींची साक्ष

आणीबाणी मी पाहिली नाही, आजीकडून ऐकली. १४ नोव्हेंबर १९७५ला लोकसंघर्ष समितीचा सत्याग्रह सुरू झाला आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यातून काका त्यात उतरले. घोषणा देतानाच त्यांना धरलं आणि मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली येरवड्याच्या तुरुंगात टाकलं. खटला नाही, सुटकेची तारीख नाही. मुलाखतीला आजी बेसनाचे लाडू न्यायची. शिपाई एकेक लाडू फोडून बघायचा. त्या चुऱ्याचा राग तिला शेवटपर्यंत होता.

काका बराकीबद्दल भरभरून बोलत. संघवाले, समाजवादी, जमाते इस्लामीचे, सगळे एका आवारात. सरसंघचालक बाळासाहेब देवरसही येरवड्यातच होते. स्त्रियांमध्ये अहिल्या रांगणेकर आणि प्रमिला दंडवते. एप्रिल १९७६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना दाद मागण्याचं दारच बंद केलं. पाचांपैकी एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात गेले. त्यांचं नाव काका हात जोडूनच घेत.

१९७७मध्ये मतदारांनी हिशेब चुकता केला. पुण्यातून आणीबाणीला विरोध करणारे मोहन धारिया निवडून आले. ४४व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही जगण्याचा हक्क स्थगित करता येणार नाही, अशी तजवीज केली. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने १९७८मध्ये अत्याचारांची नोंद केली. पण १९८०मध्ये इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या आणि खटले बारगळले. अर्जेंटिनाने १९८५मध्ये आपल्या लष्करशहांना शिक्षा सुनावली. आपल्याकडे ते घडलं नाही. महाराष्ट्रात मिसाबंदींना २०१८मध्ये मानधन सुरू झालं, २०२०मध्ये थांबलं, २०२२मध्ये पुन्हा सुरू झालं. सरकार बदललं की स्मरणही बदलतं.

काका असेच एकदा बोलत असताना आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी दारात थबकल्या. म्हणाल्या, "आमच्या मालकांचं तवाच आपरेशन केलं. पगार अडवला होता." काका गप्प झाले. शहा आयोगाच्या अहवालानुसार १९७६-७७ या एका वर्षात देशात ८१ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते टळलं.

तुरुंगात गेलेल्यांनी आठवणी लिहिल्या, त्यांचे सत्कार झाले, ते रास्तच झालं. पण पगारासाठी मान तुकवावी लागलेल्या माणसाला कुणी काही विचारलं नाही. गुन्हेगारांना शिक्षा देण्याची वेळ निघून गेली. साक्ष नोंदवण्याची अजून गेलेली नाही. तुमच्या ओळखीत, वस्तीत सत्तरी ओलांडलेली अशी माणसं असतील. त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून ठेवा.