आपल्या आवारातील पाम : पंचवीस वर्षांची नोंद

स्मरणिका समितीने मला 'सोसायटीचा इतिहास' लिहायला सांगितला. मी म्हटलं, पहिली सर्वसाधारण सभा, लिफ्टचं भांडण, बोअरवेल यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे इतिवृत्तंही आहेत. माझ्याकडे २००१ पासूनच्या बागेच्या वह्या आहेत, तेव्हा मी पामवर लिहितो. समितीतल्या तरुण मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं, पण होकार दिला. बँकेत सदतीस वर्षं काढल्यामुळे नोंद ठेवायची खोड आहे, ती सुटत नाही.

सुरुवात मुख्य रस्त्यावरच्या रांगेपासून करतो. आपण २००० साली ताबा घेतला तेव्हा बिल्डरने गेटपासून बी विंगपर्यंत अकरा रॉयल पाम लावून ठेवले होते. जाहिरातपत्रकात ते चांगले पंचवीस फूट उंच दाखवले होते, प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागत होते. ट्रक आला होता आंध्रातल्या कडियमहून. राजमहेंद्रीजवळ, गोदावरीच्या काठी हे गाव आहे आणि तिथे मैलोनमैल नर्सरीच आहेत. आपल्या नाशिकची गोदावरी तिथे समुद्राजवळ पोचलेली असते.

पण हे झाड आंध्रातलंही नाही. ते मूळचं क्युबा आणि आसपासच्या कॅरिबियन भागातलं. क्युबाचं ते राष्ट्रीय झाड, त्यांच्या राजचिन्हावरही आहे. शास्त्रीय नाव रॉयस्टोनिया. मला वाटायचं की 'रॉयल'वरून 'रॉय' आलं असेल. तसं नाही. अमेरिकन सैन्यात रॉय स्टोन नावाचा एक इंजिनियर अधिकारी होता, त्याचं नाव १९०० साली या झाडांना दिलं गेलं.

याच कुळातल्या, याहून उंच वाढणाऱ्या एका भावाची गोष्ट मला फार आवडते. नेपोलियनच्या भीतीने पोर्तुगालचं राजघराणं १८०८ मध्ये ब्राझीलला पळून आलं. दुसऱ्या वर्षी युवराज जुआंव याने रिओच्या बागेत स्वतःच्या हाताने एक पाम लावला. सांगतात असं की, हे झाड राजाच्याच बागेत राहावं म्हणून त्याच्या बिया जाळून टाकायचा हुकूम होता, आणि बागेतले गुलाम रात्री चढून बिया काढून बाहेर विकत. खरंखोटं देव जाणे, पण आज ब्राझीलभर ते पाम आहेत. राजाने लावलेलं झाड १९७२ साली वीज पडून गेलं. तेव्हा ते जवळजवळ ३९ मीटर उंच होतं, म्हणजे आपल्या इमारतीच्या दुपटीहून जास्त.

आपल्याकडे अशी परदेशी झाडं यायला जहाजं होतीच, पण वाटेत रोपं मरत. १८३० नंतर वॉर्ड नावाच्या लंडनच्या एका डॉक्टरने शोधलेल्या बंद काचपेट्यांमुळे ती महिनोनमहिने जिवंत राहू लागली. मग साहेबांच्या बागा, संस्थानिकांचे राजवाडे, पुढे सरकारी विश्रामगृहं आणि शेवटी बिल्डर, अशी ही शाही स्वारी आपल्या दारात आली.

गेटच्या दोन्ही बाजूंना बुंध्याशी बाटलीसारखे फुगलेले जे दोन बुटके पाम आहेत, त्यांना मुलं 'ढेरीवाले वॉचमन' म्हणतात. ते मॉरिशसजवळच्या राउंड आयलंड नावाच्या चिमुकल्या बेटावरचे. तिथे माणसाने सोडलेल्या शेळ्यांनी आणि सशांनी उगवणारं प्रत्येक रोप खाल्लं, आणि या झाडाची अगदी थोडी मोठी झाडं मूळ जागी उरली. १९७९ पर्यंत शेळ्या आणि १९८६ मध्ये ससे हटवल्यावर बेट पुन्हा हिरवं व्हायला लागलं. म्हणजे जे झाड त्याच्या गावी संपत आलं होतं, ते आपल्या गेटवर उभं राहून झोमॅटोवाल्यांची ये-जा बघत आहे.

लॉबीतल्या कुंड्यांतल्या झाडाला सगळे 'अरेका पाम' म्हणतात. ते मादागास्करचं. खरी अरेका म्हणजे आपली पोफळ, सुपारीचं झाड. मी १९८४ ते ८७ श्रीवर्धनच्या शाखेत होतो, तिथल्या वाड्यांतल्या पोफळी डोळ्यांसमोर असल्यामुळे मला हे नाव ऐकलं की अजून थोडा त्रास होतो. असो.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. पाम हे आंब्या-वडासारखं झाड नाही. गवत, ऊस, केळ यांच्या बाजूचं आहे. आंब्याचं खोड दरवर्षी सालीखालून जाड होत जातं आणि जखम झाली तर कडेने नवीन साल येऊन ती बुजते. पामला ही सोयच नाही. खोड जेवढं जाड व्हायचं ते शेंड्यातच ठरतं, आणि एकदा खाली आलं की तसंच राहतं. जखम झाली तर ती मरेपर्यंत उघडी. आमच्या लेजरमध्ये खाडाखोड चालत नसे. चुकीची नोंद उलट नोंदीने फिरवायची, पण मूळ आकडा दिसत राहायचा. पामच्या खोडात उलट नोंदसुद्धा करता येत नाही.

म्हणून बी विंगखाली उभं राहून वर बघा. साधारण पहिल्या मजल्याच्या गॅलरीच्या उंचीला प्रत्येक खोडाला मान आवळल्यासारखी एक अरुंद जागा आहे. ते माझं काम. २००४ ते २००८ मी सेक्रेटरी होतो. दिवाळीआधी 'साफसूफ' दिसावं म्हणून मी माळीमामांकडून हिरवी पानंसुद्धा उतरवून घेत असे. वर फक्त पिसाऱ्यासारखी तीन-चार पानं ठेवायची. लोक म्हणायचे, वा, काय टापटीप! रॉयल पाम आपली वाळलेली पानं स्वतःच टाकतो, त्याला हात लावायची गरज नसते, हे मला ठाऊक नव्हतं. पानं म्हणजे झाडाचं उत्पन्न. उत्पन्न कापल्यावर खोड बारीक होणारच. माळीमामा एकदा म्हणाले होते, "साहेब, जित्ती पानं का काढता?" मी त्यांना समिती म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं.

त्याच्या बऱ्याच वर दुसरी अरुंद जागा आहे, ती मात्र माझी नव्हे. २०१५ ला पाऊस दगा देऊन गेला, शहरात दिवसाआड पाणी आलं आणि आपण बागेचा नळ बंद केला. आणि तिसऱ्या-चौथ्या पामवर डोक्याच्या उंचीला बोटभर खोल जी भोकं दिसतात, ती २००६ च्या गणेशोत्सवात रोषणाईसाठी ठोकलेल्या खिळ्यांची. खिळे मी दुसऱ्याच आठवड्यात काढून घेतले होते. भोकं एकोणीस वर्षांनी तशीच आहेत.

अकरातले दोन गेले. एक २००९ मध्ये पार्किंगसाठी हलवताना मुळं फार कापली गेली म्हणून, आणि एक २०१४ च्या मे महिन्यातल्या वळवात वीज पडून. त्या रात्री ए विंगमधले चार टीव्ही गेले, हे सगळ्यांना आठवतं. पामचं कुणाला आठवत नाही. पामला वाढीचा कोंब एकच असतो, अगदी शेंड्यात. तो भाजला की बाजूने नवीन फूट येत नाही. महिनाभर पानं हिरवी होती म्हणून मी खत घालत राहिलो.

उरलेल्या नऊंवरून २०१७ मध्ये झालेलं भांडण मी टाळणार नाही. जुलैत मुंबईत चेंबूरला रस्त्याने चाललेल्या एका बाईंच्या अंगावर नारळाचं झाड पडून त्या गेल्या. बातमी आली आणि त्याच पंधरवड्यात आपल्या इथे एका गाडीची काच रॉयल पामच्या पानाने फुटली. मी ते पान भंगारवाल्याच्या काट्यावर तोललं, तेरा किलो भरलं. विशेष सभेत सगळेच पाम तोडा असा ठराव आला. मी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यावर भाषण केलं, परवानगी, वृक्ष अधिकारी वगैरे. एका सभासद वहिनींनी विचारलं, "काका, पान माझ्या मुलाच्या डोक्यात पडलं असतं तर कायदा वाचून दाखवला असता का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही वाटतं, त्यांचं चुकलं नव्हतं. शेवटी पामखालची सहा पार्किंगं मागे सरकवली आणि तिथे कर्दळ लावली, म्हणजे कुणी खाली थांबूच नये. हे २००० सालीच करायला हवं होतं.

आता सी विंगमागच्या माडाबद्दल. नवीन रहिवाशांनी तो पाहिलेला नाही.

सी विंगमधल्या काकू गुहागरच्या. २००१ च्या श्रावणात त्यांनी माहेरहून कोंब आलेला नारळ एसटीने मांडीवर ठेवून आणला आणि मागच्या भिंतीजवळ लावला. मी तेव्हाही नियम सांगितलाच. श्रीवर्धनला नारळाची कर्जं देताना दोन झाडांत साडेसात मीटर अंतर बघायचो. काकू म्हणाल्या, "भाऊ, मला एकच लावायचाय. अंतर कुणापासून मोजू?" आळ्यात त्या मूठमूठ खडेमीठ घालत. मी हसलो होतो. पुढे वाचलं की नारळाला क्लोराइड लागतं, आणि ते समुद्रापासून दूरच्या जमिनीत कमी पडतं. २००८ ला पहिली पोय फुटली. पहिले पाच नारळ काकूंनी सोसायटीच्या गणपतीपुढे ठेवले. त्यानंतर संक्रांतीला, नारळी पौर्णिमेला, कुणाच्या घरी डोहाळजेवण असलं तर, पिशवीत नारळ घालून त्या स्वतः जिने चढत. लिफ्टने नाही. लिफ्टच्या भांडणात त्यांनी वर्गणी द्यायला नकार दिला होता आणि त्या शब्दाच्या पक्क्या होत्या.

२०११ ला मी निवृत्त झालो. पुढच्या वर्षी ओल्या कचऱ्याचा कंपोस्ट खड्डा सुरू केला. त्याबद्दल सोसायटीने माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, श्रीफळ त्याच माडाचं होतं. खड्डा माडापासून वीस पावलांवर होता.

२०१४ पासून माडाची नवीन पानं उघडली की कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसायला लागली. काकूंनी मला बोलावून दाखवलं. मी म्हटलं, वारा असेल. तो गेंड्या भुंगा होता. नाकावर शिंग असलेला, काळा, रात्री दिव्यावर येऊन आदळणारा. तो शेंड्यातली न उमललेली पानं कुरतडतो. एवढ्याने माड सहसा मरत नाही. पण त्याने केलेल्या जखमांच्या वासावर दुसरा येतो, सोंड्या भुंगा, तांबूस रंगाचा. तो जखमेत अंडी घालतो आणि अळ्या आतून खोड पोखरतात. २०१६ च्या मार्चमध्ये बुंध्यावर भोकं दिसली, चघळलेला भुसा आणि तपकिरी रस. खोडाला कान लावला तर आत कुरकुर ऐकू येत होती. मी ती ऐकली आहे. मे महिन्यात शेंडा वाकला आणि एका हाताने ओढता येईल असा सुटून आला.

माड कापला त्या दिवशी काकू खाली आल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्या मुलाकडे गेल्या आणि तिकडेच वारल्या.

सभेत मी कारण सांगितलं, 'पाणीकपात व कीड'. इतिवृत्तात तसंच आहे. पाणीकपात खोटी नव्हती. पण गेंड्या भुंगा अंडी कुठे घालतो? कुजणाऱ्या शेणखतात, कंपोस्टमध्ये. माड गेल्यावर मी पावसाआधी खड्डा उपसला, तेव्हा तळाशी अंगठ्याएवढ्या, अर्धवर्तुळात वळलेल्या पांढऱ्या अळ्या ढिगाने निघाल्या. मी आणि माळीमामांनी त्या मोजल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घमेलं उचललं. ही गोष्ट मी काकूंना फोनवर सांगणार होतो. दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा तब्येतीची चौकशी करून ठेवला.

खड्डा बंद करा असं माझं म्हणणं नाही. कचरा कुठेतरी जिरवायलाच हवा. पण तो दोन-तीन महिन्यांनी चाळायला हवा, वर जाळी हवी, आणि अळ्यांना रोग लावणारी मेटारायझियम नावाची बुरशी मिळते ती मिसळायला हवी. माडाच्या वरच्या पानांच्या बेचक्यात वाळू आणि निंबोळी पेंड भरायची, भोक दिसलं तर तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढायचा. श्रीवर्धनचे शेतकरी हे करायचे आणि मी कर्जाच्या फायली घेऊन शेजारी उभा असायचो.

काकूंनी २०१५ मध्ये आपल्या माडाचे दोन नारळ रुजत घातले होते. एक डी विंगच्या कुटुंबाने गावी नेला. दुसरा माळीमामांनी पाण्याच्या टाकीमागे लावला, मला न विचारता, खड्ड्यापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात. त्याला दर अमावस्येला मीठ मी घालतो. गेल्या श्रावणात त्याला पहिली पोय आली, पण सगळी बोंडं गळाली. पहिल्या वर्षी तसं होतं म्हणतात.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात खड्डा चाळला. सत्तावीस अळ्या निघाल्या, वहीत लिहिल्या आहेत. टाकीच्या कठड्यावर ठेवल्या, कावळ्यांनी दहा मिनिटांत संपवल्या.