धारानगरीची यंत्रे आणि त्यांचा परीक्षक

गंधवानीहून धारेस निघालेल्या वाटसरूला भिल्ल-भिलाल्यांची वस्ती मागे टाकून, विंध्याचा चढ ओलांडून, माळव्याच्या काळ्या पठारावर यावे लागते. आणि धारेत पोहोचल्यावर, दिलावरखान घोरीने १४०५ साली उभारलेल्या लाट मशिदीपाशी, त्याला एका लोहस्तंभाचे तीन तुकडे दिसतात. तिन्हींची एकत्र लांबी सुमारे ४३ फूट, वजन सात टनांच्या घरात. तापवून लाल केलेले लोखंडाचे गोळे एकावर एक ठोकून सांधीत असा स्तंभ घडविला जात असे. परंपरा त्याचे कर्तृत्व भोजराजाकडे देते; त्याला आधार बेताचाच आहे, परंतु ज्या परमार राजाच्या नावावर यंत्रविद्येचे एक संपूर्ण प्रकरण नोंदलेले आहे, त्याच्याकडे लोकांनी हे लोखंडही सोपवावे यात नवल नाही.

हा राजा केवळ पोथ्यांतला पंडित नव्हता. कोकण जिंकल्याच्या पर्वानिमित्त त्याने दिलेल्या जमिनींचे १०२० सालचे दोन ताम्रपट बांसवाडा आणि बेटमा येथे मिळाले असून, त्यांपैकी बेटमा हे गाव इंदूर-धार रस्त्यावरच आहे. पुढे कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याने खुद्द धारानगरी लुटली, आणि १०५५च्या सुमारास गुजरातचा भीम व चेदीचा कर्ण हे दोघे दोन बाजूंनी चालून येत असतानाच भोजाचा अंत झाला. जय आणि पराजय दोन्ही त्याने स्वतः भोगले होते. कवींच्या स्पर्धेत निवाडा करणारा भोज पुढे दंतकथांनी इतका मोठा केला, की रणांगणातला भोज त्याच्या सावलीत झाकोळला.

स्वतः झुंजलेल्यानेच निवाडा करावा, ही रीत यंत्रांच्या झुंजींच्या आजकालच्या खेळातही दिसते. मार्क थॉर्प याने १९९४ साली सान फ्रान्सिस्कोत यंत्रमानवांची पहिली मोठी दंगल भरविली. लिसा विंटर ही बालवयातच त्या आखाड्यात उतरली आणि कालांतराने त्याच खेळाची परीक्षक आणि व्यवसायाने अभियंती झाली. तीन मिनिटांत प्रतिपक्ष निकामी झाला नाही, तर पंच हानी, आक्रमकता आणि नियंत्रण या तीन बाबींवर गुण देतात. बडोद्याची, कोल्हापूरची हत्तींची साठमारी ऐकून माहीत असलेल्या आपल्या लोकांना झुंजीचे हे वेड परके वाटण्याचे कारण नाही. परंतु ज्याने यंत्र घडविले, ते झुंजविले आणि मारही खाल्ला, त्यालाच निवाड्याच्या आसनावर बसविण्याची ही रीत विचार करण्याजोगी आहे.

ती रीत मनात ठेवून भोजाच्या नावावरील ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथाचे एकतिसावे, यंत्रविद्येचे प्रकरण उघडावे. ८३ अध्यायांचा हा वास्तुग्रंथ, भासाच्या नाटकांमुळे नावाजलेल्या त्रिवेंद्रमच्या टी. गणपतिशास्त्री यांच्या संपादनाखाली १९२४-२५ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात दोन खंडांत प्रसिद्ध झाला. धारेचे आणि देवासचे पवार आपला वंश परमारांशी जोडीत. त्यांच्या दप्तरी मराठी कारकून राबत असताना घरच्या पूर्वजाचा हा ग्रंथ मात्र शेजारच्या मराठी दौलतीच्या खर्चाने छापून निघावा, हा योग मोठा गमतीचा.

प्रकरणात लाकडी बाहुल्या आहेत. त्या दिव्यात तेल घालतात, विडा पुढे करतात, तालावर नाचतात. बोलणारे पोपट, पाणी पिणारा हत्ती, पाऱ्याच्या बळावर उडणारा लाकडी पक्षी आहे. आणि दारावर उभा राहून हातातल्या खड्गाने किंवा दंडाने रात्री शिरणाऱ्या चोरास ठार करणारा द्वारपालही आहे. लाकडी पक्षी उडाला असेल यावर माझा विश्वास नाही. द्वारपाल बहुधा उंबऱ्याशी दडविलेल्या खटक्याने सुटणारा सापळा असावा. कारंज्यांच्या धारागृहांचे वर्णन मात्र इतके हिशेबी आहे, की ते प्रत्यक्ष पाहूनच लिहिले असावे असे वाटते.

या नवलकथांहून मला अधिक मोलाची वाटते ती चांगल्या यंत्राच्या गुणांची यादी. घटकांचा योग्य मेळ, सांध्यांची घट्ट जुळणी, गुळगुळीतपणा, आतली करामत बाहेरून न दिसणे, हलकेपणा, आवाज न होणे, पण आवाज हेच प्रयोजन असेल तेथे तो भरपूर होणे, नेमक्या वेळी कार्य दाखविणे आणि ते होताच पुन्हा पूर्वस्थितीला येणे, दीर्घकाळ टिकणे. या मालिकेत दोन गुण लगोलग येतात: भाग सैल नसावेत, आणि ते फार आवळलेलेही नसावेत. हे जोडवाक्य कवीला सुचणारे नव्हे. सैल चाक निखळते, आवळलेला आस तापून अडकतो, आणि या दोहोंच्या मधली जागा केवळ हाताला कळते. ज्याने अडकलेले यंत्र शंभरदा खोलून पाहिले आहे, किंवा तसे खोलणाऱ्या सुतारा-लोहारांजवळ बसून ऐकले आहे, त्यालाच असा निकष ठरविता येतो. म्हणूनच कारागिराच्या अंगी परंपरेचे कौशल्य, गुरूचा उपदेश, शास्त्राचा अभ्यास, कामाचा सराव आणि बुद्धी ही पाचही असावीत असे ग्रंथकार बजावतो.

आणि इतके सांगून तो यंत्रांची घडण सांगण्याचे नाकारतो; अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्तता राखण्यासाठी, अशी त्याची कबुली आहे. शत्रू चोहोबाजूंनी टपलेला राजा असे करील हे समजण्यासारखे आहे, तरी या गुप्ततेने आपले नुकसान झालेच, कारण जे हातोहात शिकविले जात होते ते त्या हातांबरोबरच गेले.

बेतवेच्या काठी भोजपूरला मात्र नेमके उलट घडले. तेथील अपुऱ्या शिवमंदिरामागे दगड वर चढविण्यासाठी रचलेला मातीचा उतार अजून उभा आहे, आणि आसपासच्या खडकांवर स्तंभ, शिखर व मंडप यांचे नकाशे कारागिरांनी उघड्यावर कोरून ठेवले आहेत; त्यांतील कित्येक भाग प्रत्यक्षात कधी बांधलेच गेले नाहीत.