मोटारीचा उंबरठा : पत्रा, सांधा आणि गंज

गेल्या वर्षी एका परिचितांनी आमच्या प्रयोगशाळेत पत्र्याचा एक तुकडा आणून दिला. तुकडा तळहाताएवढा, पण जाडी जवळजवळ एक सेंटिमीटर. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९७५ साली तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या दाराखालून तो कापलेला होता. मोटारीचा पत्रा असतो साधारण एक मिलिमीटर जाडीचा. मग ही जाडी आली कोठून? तुकडा आडवा कापला, कड घासून गुळगुळीत केली आणि भिंगाखाली धरली, तेव्हा उलगडा झाला. सर्वांत आत मूळ पत्र्याचा उरलेला कागदासारखा पापुद्रा, त्यावर गंज, त्यावर गॅस वेल्डिंगने लावलेले ठिगळ, पुन्हा गंज, पुन्हा ठिगळ आणि सर्वांत वर रंगाऱ्याने भरलेली लांबी व रंगाचे पाच थर.

परिचितांचे प्रश्न दोन होते. दोनदा दुरुस्त करूनही गाडी त्याच जागी पुन्हा का सडते? आणि आता कापायचे ते किती कापायचे? पहिल्याचे उत्तर आमच्या विषयातले आहे. दुसऱ्याचेही तसेच असेल असे आम्हांला सुरुवातीला वाटले होते. दोन्ही उत्तरांसाठी मोटारीच्या पत्र्याचा इतिहास पाहावा लागतो.

मोटारीचे दार उघडले की पाय ठेवताना खाली जी आडवी पट्टी दिसते ती वास्तविक पत्र्याची पोकळ पेटी असते. इंग्रजीत तिला सिल म्हणतात. सिल म्हणजे उंबरठाच, म्हणून येथेही आपण तिला उंबरठाच म्हणू. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गाडीचा भार हा उंबरठा तोलून धरतो. पण हे काम त्याच्याकडे सुरुवातीपासून नव्हते.

सुरुवातीच्या मोटारी म्हणजे घोडा काढून टाकलेल्या बग्ग्याच होत्या. खाली लोखंडी तुळयांची भक्कम चौकट, म्हणजे चेसिस, आणि तिच्यावर सुताराने बनवलेला लाकडी सांगाडा. त्या सांगाड्यावर पत्रे ठोकून बसवत. पत्रा गंजला तर खिळे उपटून नवा ठोकता येई. गाडीच्या ताकदीशी पत्र्याचा संबंध नव्हता.

हे बदलले ते फिलाडेल्फियात. एडवर्ड बड या उद्योजकाने १९१२ साली तेथे कंपनी काढली आणि जोसेफ लेडविंका या अभियंत्याच्या मदतीने लाकूड अजिबात न वापरता केवळ दाबून आकार दिलेल्या पोलादी पत्र्यांपासून गाडीचा सांगाडा बनवायला सुरुवात केली. १९१४ पासून डॉज बंधूंच्या गाड्यांना असे सांगाडे बसू लागले. पत्र्याला पत्रा जोडायला खिळे उपयोगाचे नव्हते आणि रिव्हेट मारत बसणे फार महाग पडे. उपाय निघाला तो विजेच्या ठिपक्याचा.

या ठिपक्याचे मूळही त्याच गावात आहे, आणि ते शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सांगावे असे आहे. एलिहू थॉमसन हे फिलाडेल्फियाच्या सेंट्रल हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवीत. १८७७ साली फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये विजेवरील व्याख्यानांसाठी प्रयोग दाखवताना, प्रवर्तन-वेटोळ्याच्या जाड तारेच्या बाजूची एकमेकींना टेकलेली दोन टोके वितळून जुळली असल्याचे त्यांना आढळले. पुष्कळांनी अशी तार तोडून टाकली असती. थॉमसन यांनी तिचा विचार केला आणि १८८६ साली विद्युत्‌-रोधावर आधारलेल्या वेल्डिंगचे पेटंट घेतले. तत्त्व शाळेतलेच आहे. रोध जेथे जास्त, तेथे उष्णता जास्त. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून तांब्याच्या दोन टोकांमध्ये दाबले आणि काही व्होल्टचा, पण हजारो अँपियरचा प्रवाह सेकंदाच्या अंशापुरता सोडला, तर सर्वाधिक रोध पत्र्यांच्या स्पर्शाच्या जागी असतो. तेथेच वाटाण्याएवढा भाग वितळतो, लगेच थिजतो आणि सांधा तयार होतो. यालाच आपण स्पॉट वेल्डिंग म्हणतो.

सांधा इतका स्वस्त झाल्यावर पुढची पायरी ओघानेच आली. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून सांगाडाच इतका ताठ करता येतो की खालची चेसिस हवी कशाला? इटलीतील लान्चाने १९२२ साली लॅम्ब्डा या गाडीत हा विचार वापरला होता. बडच्या कंपनीचे तंत्र घेऊन फ्रान्समध्ये सिट्रोएनने १९३४ साली त्रॅक्सियाँ आव्हाँ ही गाडी काढली आणि बिनचेसिसची पोलादी गाडी हजारोंच्या संख्येने रस्त्यावर आली. इंग्लंडमध्ये बड आणि विल्यम मॉरिस यांच्या भागीदारीतून काउली येथे १९२६ सालीच प्रेस्ड स्टील कंपनी उभी राहिली होती. आपल्याकडची अँबॅसडर ही मॉरिसच्या गाडीवरून आणि पद्मिनी ही फियाट ११०० वरून आलेली. दोन्ही बिनचेसिसच्या. अंड्याला जशी ताकद कवचाने येते, तशी या गाड्यांना पत्र्याने येते. आता पत्रा गंजला म्हणजे गाडीचा कणाच गंजला.

आणि पत्रा गंजतो तो नेमका सांध्यात. स्पॉट वेल्डिंगमध्ये दोन पत्र्यांच्या कडा एकमेकींवर असतात आणि दर काही सेंटिमीटरवर एक ठिपका असतो. दोन ठिपक्यांच्या मध्ये केसाएवढी फट राहते. तिच्यात रंग पोचत नाही, पाणी मात्र पोचते.

येथे एक कोडे आहे. गंजायला ऑक्सिजन लागतो असे आपण शिकवतो. मग हवा जेथे खेळती आहे त्या उघड्या पत्र्यापेक्षा हवा न पोचणारी फट आधी का सडावी? केंब्रिजच्या युलिक एव्हान्स यांनी १९२० च्या दशकात याचे उत्तर एका थेंबात दाखवले. हा प्रयोग वर्गात करता येतो. पोलादी पट्टी काचकागदाने चकचकीत घासा. मिठाच्या पातळ द्रावणात थोडे पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलिनचे थोडे थेंब मिसळा आणि या मिश्रणाचा एक मोठा थेंब पट्टीवर ठेवा. थोड्या वेळाने थेंबाच्या मध्यभागी निळा आणि कडेला गुलाबी रंग दिसू लागतो. निळा रंग सांगतो की येथे लोह विरघळून आयन झाले आहेत. गुलाबी सांगतो की येथे अल्क तयार झाले आहे, म्हणजे ऑक्सिजनने इलेक्ट्रॉन घेतले आहेत. कडेला थेंब पातळ असतो, हवा सहज पोचते. मध्यभागी ती पोचत नाही. ऑक्सिजन खर्च होतो कडेला, पण लोखंड झिजते ते मध्यभागी! दोन्ही जागा धातूतूनच जोडलेल्या असल्याने थेंबाखाली एक छोटा विद्युत्‌-घट तयार झालेला असतो.

आता थेंबाच्या जागी मोटारीचा सांधा मनात आणा. फटीच्या तोंडाशी हवा आहे, आत नाही. आतला पत्रा झिजत जातो आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो. वर, गंजाला मूळ लोखंडाच्या सुमारे तिप्पट जागा लागते. तो पाचरीसारखा पत्रे फाकवतो, फट वाढते, पाणी आणखी आत जाते. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. मुंबईत ते समुद्राची हवा फुकट आणून देते.

आमच्या हातातल्या तुकड्याचे रहस्य यात आले. सडलेल्या जागेवर नवा पत्रा ठेवून कडेने वेल्डिंग केले की जुना गंज, ओलावा आणि मीठ आत बंद होतात, आणि जेथे एक फट होती तेथे दोन होतात. कारागिराने भोक बुजवले होते, पण आजार कोंडून ठेवला होता.

त्याला दोष देणे मात्र आम्हांला उचित वाटत नाही. त्याच्या हातात होती गॅसची ज्योत. अ‍ॅसिटिलीन वायू एडमंड डेव्ही यांना १८३६ सालीच सापडला होता. पण १८९२ मध्ये थॉमस विल्सन यांच्या विद्युत्‌-भट्टीत दुसरेच काही करू जाता कॅल्शियम कार्बाइड तयार झाले आणि पाणी टाकून हा वायू कोणालाही स्वस्तात मिळू लागला. ल शातेलिए यांनी १८९५ साली दाखवले की ऑक्सिजनबरोबर त्याची ज्योत ३,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पुढच्या दहा वर्षांत फ्रान्समध्ये या ज्योतीचे हाती धरायचे टॉर्च बनले आणि जगभरच्या गॅरेजांत पोचले. ज्योत उत्तम, पण ती फार पसरते. पोलादाचा तापमान-प्रसरणांक सुमारे १२ × १०⁻⁶ आहे. दहा सेंटिमीटरची पट्टी ६०० अंशांनी तापली तर सुमारे ०.७ मिलिमीटर वाढू पाहते. भोवतालचा थंड पत्रा तिला वाढू देत नाही, म्हणून मऊ झालेली पट्टी स्वतःतच दबून जाड होते. थंड होताना मात्र आकसते आणि भोवतालचे सगळे ओढून घेते. सपाट पत्रा पापडासारखा वाकडा होतो. म्हणूनच कारागीर मोठा भाग बदलायला बिचकतो आणि छोट्या ठिगळावर भागवतो.

हा पेच सुटला तो बारीक तारेच्या वेल्डिंगने. अमेरिकेतील बॅटेल संस्थेत १९४८ साली निष्क्रिय वायूच्या आवरणात सतत पुढे सरकणाऱ्या तारेने वेल्डिंग करण्याची पद्धत निघाली. १९५३ साली सोव्हिएत संघात ल्युबाव्स्की आणि नोवोशिलोव्ह यांनी महाग निष्क्रिय वायूऐवजी कार्बन डाय-ऑक्साइड वापरून दाखवला आणि पोलादासाठी ती स्वस्त झाली. येथे उष्णता एका ठिपक्यापुरती राहते. सेंटिमीटरभर टाका घालायचा, मग दूर जाऊन दुसरा, पहिला थंड झाला की परत यायचे.

या तंत्राचा खरा कस लागला तो इंग्लंडमधील एमजीबी या गाडीवर. १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. उघड्या एमजीबीला छप्पर नाही, म्हणजे सगळा भार उंबरठ्यांवर. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मध्ये उभा पडदा अशी ती तिहेरी पेटी आहे. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात साठतो, ओला राहतो आणि उंबरठा तेथून सडू लागतो.

तो बदलण्याची रीत पाहण्याजोगी आहे. गाडी खालून नीट टेकवायची आणि दाराच्या पोकळीत लोखंडी दांड्यांचा आधार वेल्ड करायचा. नाहीतर उंबरठा कापताच गाडी मध्ये खचते. मग जुने स्पॉट वेल्ड एकेक शोधून भोक पाडून सोडवायचे. फिका पत्रा नव्हे, चकचकीत निरोगी धातू लागेपर्यंत कापायचे. नव्या पत्र्याच्या कडेला भोके पाडायची, मिटणाऱ्या बाजूंना जस्ताचा लेप द्यायचा, पत्रा शिकंज्यांनी धरायचा आणि वेल्डिंगआधी दार लावून पाहायचे. दाराभोवतीची फट सारखी असेल तरच ती भोके तारेच्या धातूने भरायची. कारखान्यातल्या स्पॉट वेल्डची जागा हे भरलेले भोक घेते. शेवटी पेटीत पातळ मेण फवारायचे, ते फटीत झिरपते. जस्ताच्या लेपावर वेल्डिंग करताना निघणारा धूर ताप आणतो, तेव्हा हवा खेळती हवी. आणि पेट्रोलची टाकी आधीच काढलेली हवी हे वेगळे सांगायला नको.

१९८८ साली ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने, गाडी बंद होऊन आठ वर्षे झाल्यावर, मूळ साचे शोधून काढून एमजीबीचा अख्खा नवा सांगाडाच विकायला काढला. आता उंबरठाच काय, सगळी गाडी बदलता येऊ लागली. मग ती तीच गाडी राहते का? हा प्रश्न तर्कशास्त्राच्या तासाला शोभणारा, पण सरकारी कचेरीला त्याचे उत्तर द्यावेच लागते. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२५ पर्यंतच्या नियमांनुसार मूळ नमुन्याचा नवा सांगाडा आणि मूळ गाडीचे आणखी दोन मुख्य भाग असतील तर जुना नोंदणी क्रमांक टिकत असे. आपल्याकडे २०२१ साली आलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ रूपात हवी. चेसिस, सांगाडा किंवा इंजिनात फेरफार झालेले नसावेत.

आमच्या परिचितांच्या दुसऱ्या प्रश्नाची गोम ही होती. गाडी पन्नाशीला आलेली, ती व्हिंटेज म्हणून नोंदवावी अशी त्यांची इच्छा. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हापासून तर ही इच्छा फारच बळावलेली. सडलेला उंबरठा काढून त्याच आकाराचा, त्याच जाडीचा, त्याच जागी बसवलेला पत्रा म्हणजे फेरफार की दुरुस्ती? धातूच्या दृष्टीने आमचे मत स्पष्ट आहे. गंजावर लावलेल्या दोन ठिगळांनी पेटीचा आकार आणि ताकद दोन्ही बदलले होते. फेरफार तो होता. ते कापून मूळ छेदाचा उंबरठा घालणे हे गाडीला मूळ रूपाकडे नेणे आहे. नोंदणी अधिकाऱ्याला हे पटेल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. म्हणून कापण्यापूर्वीची, कापतानाची आणि जोडल्यानंतरची छायाचित्रे मोजपट्टीसह काढून ठेवा, एवढे मात्र आम्ही त्यांना आग्रहाने सांगितले.

तयार उंबरठा त्यांना मिळाला नाही. त्यांच्या कारागिराने दुसऱ्या बाजूच्या, कमी सडलेल्या उंबरठ्यावरून पुठ्ठ्याचा नमुना काढला आणि एक मिलिमीटरचा पत्रा वाकवून नवा घडवला. बसवण्याआधी तो आम्हांला दाखवायला आणला होता. काम सुबक होते. फक्त मूळ पेटीच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी असलेली लांबट भोके त्यात नव्हती. पुठ्ठा कापला तेव्हा ती चिखलाने बुजलेली होती, त्यामुळे नमुन्यात आलीच नाहीत. ती पाडून घेऊन मगच त्यांनी पत्रा गाडीला लावला.