कशेडी बोगद्यात गाडी अडकली, तर इंजिन का बंद करावं?

पोलादपूरहून खेडकडे जाताना मुंबई-गोवा महामार्गावर कशेडीचा सुमारे २ किलोमीटरचा बोगदा लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये गणेशोत्सवासाठी त्याची एक बाजू हलक्या वाहनांना खुली झाली आणि घाटातली वळणं टळली. पण बोगद्यात कोंडी झाली की धूर साचू शकतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड सगळ्यात फसवा. त्याला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणून शरीराला ऑक्सिजन कमी पडतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. कोकणात जाताना आपण याला सरळ ‘गाडी लागली’ म्हणून मोकळे होतो! डिझेलच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड आणि सूक्ष्म कण दमेकऱ्यांना छळतात, पण निदान खोकला तरी येतो. गाडी थांबली की इंजिन बंद करा, काचा वर घ्या. बाहेर पडल्यावरही गरगरत असेल, तर मोकळ्या हवेत उतरा आणि डॉक्टरकडे जा.